नवा लेदर सोफा सात महिन्यांत सुरकुतला, हे चालायचंच की माल खराब?

ज्वारीची_भाकर

नमस्कार मंडळी. गेल्या दसऱ्याला आम्ही लेदरचा सोफा घेतला, तीन अधिक एक अधिक एक असा सेट. १ लाख ३८ हजार रुपये मोजले. जुळे सोलापुरात नवीन घर झालं, सगळ्यांच्या मनात होतं की हॉलमध्ये एक तरी वस्तू पुढची पंधरा-वीस वर्षं टिकणारी असावी. आता मे चाललाय, सातच महिने झालेत, आणि तीन गोष्टी रोज डोळ्यांत खुपतात.

खिडकीकडची बैठक सैल पडलीय. माणूस उठला तरी सुरकुत्या तशाच राहतात, हाताने ओढून सारख्या कराव्या लागतात. दुसरं, आण्णा (माझे सासरे) जिथे डोकं टेकतात तिथे बोट लावलं की चिकट लागतं. पांढऱ्या नॅपकिनने पुसलं तर नॅपकिन तपकिरी झाला. आणि तिसरं, पश्चिमेच्या खिडकीजवळ जो हात आहे त्याच्या बाहेरच्या बाजूला केसाएवढी बारीक चीर दिसायला लागलीय.

दुकानदार तिन्हीला एकच उत्तर देतात, "ताई, ओरिजिनल लेदर आहे, त्याला असं होतंच." मला हे पटत नाही, पण खोडून काढण्याएवढी माहितीही नाही. नवीन लेदरचा दर्जा घरच्या घरी कसा ओळखायचा? आणि कुठली झीज साहजिक, कुठली नाही?

सातरस्ता

बिलावर नेमकं काय लिहिलंय? अक्षरन् अक्षर सांगा. नुसतं 'लेदर' की पुढे-मागे आणखी काही शब्द?

पुण्यातला_सोलापूरकर

सुरकुत्यांची काळजी करू नका. आमच्याकडचा सोफा ११ वर्षांचा आहे. पहिल्याच वर्षी बैठक अशी सैल पडली होती, नंतर थांबली. कातडं म्हणजे कातडंच, वजन पडलं की ताणणार. उलट वर्षभरानंतरही इस्त्री केल्यासारखं दिसलं तर मला शंका येईल.

डोक्याच्या जागेचं मात्र काही सांगता येत नाही. आमच्याकडे तसं झालं नाही.

कुशनवाला

ताई, अक्कलकोट रोडला माझं सोफ्याचं काम आहे, २२ वर्षं झाली. तुमच्या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या आहेत, त्यांना एकच उत्तर असूच शकत नाही. दुकानदार तिथेच चुकले.

आधी सुरकुत्या. सुरकुतीवरून अंगठा फिरवा. हाताला गुळगुळीत लागली, रंग सलग असला आणि दोन बोटांनी ताणल्यावर ती नाहीशी झाली, तर ते कातडं बसतंय. घाबरायचं काम नाही. ताणल्यावर आत वेगळ्या रंगाची रेघ दिसली तर वरचा थर तुटलाय. आणि कापडाचा धागा दिसला तर ते लेदर नाहीच.

पण बैठक सैल पडण्यात निम्मा दोष फोमचा असतो ओ. लोक लेदर चिमटून चिमटून बघतात, फोमला कोणी विचारत नाही. बैठकीला निदान ३२ डेन्सिटी पाहिजे, ४० असेल तर चांगलंच. ३२ म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ३२ किलो, त्यामुळे घरच्या काट्यावर तपासता येतं. कुशनची चेन उघडा, फोम बाहेर काढा, मोजा. २२ बाय २२ इंच आणि ५ इंच जाड तुकडा ३२ चा असेल तर साधारण सव्वा किलो भरतो, ४० चा असेल तर एक किलो सहाशेच्या आसपास. किलोच्या आत भरला तर फसवणूक समजा. फोमवर पांढऱ्या फायबरची गादी गुंडाळलेली असते, ती सरकली किंवा पातळ असली तरी लेदर झोळीसारखं होतं. हे दुरुस्त होतं, खर्चही फार नाही.

आता चीर. ती बाहेरच्या बाजूला आहे म्हणालात. मला दाट शंका आहे की तिथे लेदर नाहीच. सोफा पुढे ओढून उलटा करा. खाली काळं कापड स्टेपलरने ठोकलेलं असतं, कोपऱ्यातल्या दोन पिना काढून आत बघा. बाजूच्या कव्हरची कड आत दुमडलेली दिसेल. तिची मागची बाजू लव असल्यासारखी, तंतू सुटलेली असेल तर कातडं. विणलेलं किंवा बनियनसारखं कापड दिसलं तर रेग्झीन.

आमच्या धंद्यात याला 'लेदर मॅच' म्हणतात. अंग लागतं तेवढ्या भागाला लेदर, बाजूला आणि पाठीमागे त्याच रंगाचं रेग्झीन. बाजारात सर्रास चालतं, आणि सांगून विकलं तर काही गैर नाही. न सांगता विकलं तर गैर आहे.

ज्वारीची_भाकर

दादा, खूप आभार. एवढं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. रविवारी ह्यांच्या मदतीने सोफा उलटा करते. बिलही शोधते.

शेंगाचटणी

सोपा उपाय आहे की. काडी पेटवा, कोपऱ्याला लावा. केस जळाल्याचा वास आला तर लेदर, प्लास्टिकसारखं वितळलं तर डुप्लिकेट.

सातरस्ता

१ लाख ३८ हजारांच्या सोफ्याला काडी? आधी वरच्या मजल्यावर पाणी आलंय का बघून घ्या. आपल्याकडे नळाचा वार कुठला तेही बघावं लागतं :)

कुशनवाला

शेंगाचटणी, चाचणी खरी आहे पण सोफ्यावर नाही करायची. आत फोम आहे, भसकन पेटतो. घेतानाच दुकानदाराकडून त्याच मालाची कात्रण मागून घ्यायची, रुपयाएवढी चालते. तिला घराबाहेर चिमट्यात धरून काडी लावा. तरी वरचा रंगाचा थर प्लास्टिकसारखाच जळतो, म्हणून वास मागच्या बाजूचा घ्यायचा.

कात्रण द्यायला जो का-कू करतो त्याच्याकडून मी तरी माल उचलत नाही.

बाभूळसाल

हा धागा वाचून राहवलं नाही. आमच्या घरी पणजोबांपासून कातडं कमावण्याचं काम. आजोबांनी शेवटपर्यंत केलं, वडील शिक्षक झाले. लहानपणी मी आजोबांच्या हाताखाली बसलोय, त्यामुळे काही गोष्टी पुस्तकाआधी नाकाला कळल्या.

कातडं सगळीकडे सारखं नसतं. म्हशीचं कातडं चार-पाच मिलिमीटर जाड असतं, सोफ्याला एक-सव्वा मिलिमीटर पुरतं. मग ते आडवं चिरतात. केसांकडचा वरचा थर सगळ्यात चिवट, कारण तिथे तंतू घट्ट विणलेले असतात. मांसाकडे जावं तसे तंतू मोकळे होत जातात. वरचा थर घासला नाही, केसांची छिद्रं जशीच्या तशी ठेवली, तर ते फुल ग्रेन. ओरखडे, गोचिडीचे डाग घालवायला वरून हलकं घासलं तर टॉप ग्रेन किंवा करेक्टेड ग्रेन. खालचा थर म्हणजे स्प्लिट, त्यावर रंगाचा जाड थर देऊन छाप उठवतात. तेही कातडंच, पण वाकतं तिथे लवकर हार मानतं. आणि बॉन्डेड लेदर म्हणजे कातड्याचा भुगा डिंकासारख्या रसायनात मळून कापडावर थापलेला. बुंदी नीट पडली नाही म्हणून तिचा चुरा करून लाडू वळावा, तसं. 'अस्सल लेदरचे घटक' असं लिहिलेलं दिसलं की समजायचं काय ते.

डोळ्याने ओळखायचं तर सगळ्या बैठका एकाच उजेडात शेजारी ठेवून बघा. खऱ्या कातड्यावर छिद्रं कुठे दाट, कुठे विरळ असतात, एखादी शीर दिसते, बरा झालेला ओरखडा दिसतो. छापलेल्या मालावर तीच नक्षी वीतभर अंतराने पुन्हा पुन्हा येते. आजोबा मात्र कातडं हातात आलं की आधी उलटं करायचे. "वरून सगळेच देखणे," म्हणायचे.

अवांतर : आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावायचे. कातड्याची पिशवी शिवून त्यात सालीचं पाणी भरायचं आणि टांगून ठेवायचं, आठवडेच्या आठवडे. सोफ्याचं कातडं तसं नसतं. ते क्रोमियम सल्फेटमध्ये फार लवकर तयार होतं, निळसर दिसतं, मऊ राहतं. आणखी एक, २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत, कोल्हापूर, सांगली, सातारा आणि आपलं सोलापूर. चादर-टॉवेलचं सगळ्यांना माहीत असतं, हे फार कमी लोकांना माहीत आहे. ज्यांच्या हातांनी हे काम झालं त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं, म्हणून माहिती पण वेशीबाहेरच राहिली.

पुण्यातला_सोलापूरकर

बाभूळसाल, शेवटचं वाक्य वाचून थांबलो. याच्यावर वेगळा धागा काढा, मनापासून सांगतोय.

अक्का_अशोकचौक

बाभूळसाल, लिहाच तुम्ही. आमच्या पद्मशाली घरांत मागाच्या कामाबद्दल तरी कोणी ना कोणी लिहून ठेवलंय. तुमच्या आजोबांचं काम कागदावर आलं नाही तर तुमच्यानंतर कोण सांगणार?

निंबोणी

मला जरा उलटा प्रश्न विचारायचाय. आमच्या घरी चामडं चालत नाही. चप्पल दाराबाहेर, पट्टा कापडी. सोफा लेदरसारखा दिसणारा हवाय पण लेदर अजिबात नको. आधीचा 'पीयू लेदर'चा (पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकच्या थराचं नकली लेदर) होता, तीन पावसाळ्यांत खवले सुटले. झाडू मारताना रोज काळे पापुद्रे. मग आमच्यासारख्यांनी काय घ्यायचं? आणि सोलापूरसारख्या कोरड्या गावात असं व्हावंच का?

रसायनवाला

निंबोणीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या कामातलं आहे.

स्वस्त पीयू बहुतेक पॉलिएस्टर जातीचं असतं. पाण्याची वाफ आणि उष्णता मिळाली की त्याची साखळी आतून तुटत जाते. वापरा किंवा न वापरा, ते होतच राहतं. म्हणून दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला सोफाही घरी आल्यावर लगेच सोलवटतो. घेताना तयार कधी झाला ते विचारायला लाजू नका.

गाव कोरडं आहे, पण मार्च ते जून आपण घरात काय करतो? कूलर. बाहेर ४२-४३ अंश, आत वाळ्याच्या ताट्यांतून ओली हवा, आणि बऱ्याच घरांत कूलरचं तोंड थेट सोफ्याकडे. प्रयोगशाळेत पीयूची परीक्षा घेतात त्याला जंगल टेस्ट म्हणतात, ७० अंश उष्णता आणि ९५ टक्के आर्द्रता. आपण त्याचीच सौम्य आवृत्ती रोज दुपारी चालवतो.

पर्याय असा. पीयूच घ्यायचं तर पॉलिकार्बोनेट जातीचं आहे का आणि हायड्रॉलिसिसची, म्हणजे पाण्याने साखळी तुटण्याची, चाचणी झालीय का, हे लेखी मागा. महाग पडेल. नाहीतर चांगल्या जाडीचं पीव्हीसी, म्हणजे आपलं नेहमीचं रेग्झीन. पाण्याने त्याचं तसं काही बिघडत नाही. त्याचा शत्रू ऊन. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उन्हाने निघून जातं, मग ते कडक होऊन चिरतं. धागाकर्तीच्या पश्चिमेकडच्या चिरेचं कारण मला तेच वाटतं. मेमध्ये पीव्हीसी अंगाला चिकटतं हे खरं, पण त्यावर चादर टाकता येते, आणि चादरीसाठी आपल्याला गावाबाहेर जावं लागत नाही.

'रेग्झीन' हे मुळात मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या कारखान्याच्या मालाचं नाव. आपण सगळ्या नकली चामड्याला तेच नाव देऊन टाकलं.

शेंगाचटणी

बरं, काडी राहू द्या. पाण्याचा थेंब टाकून बघितलं तर? शोषला तर लेदर, घरंगळला तर रेग्झीन?

रसायनवाला

तेही अर्धंच खरं. रंगाचा थर नसलेलं ॲनिलिन कातडं थेंब पितं, तिथे गडद ठिपका पडतो आणि वाळल्यावर जातो. पण घरगुती सोफ्याचं बहुतेक लेदर पिगमेंट दिलेलं असतं, त्यावरून थेंब घरंगळतो. म्हणून घरंगळला तर काहीच सिद्ध होत नाही. युरोपीय मानक ईएन १५९८७ मध्ये नुसतं 'लेदर' म्हणवून घ्यायला वरचा थर ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड नको, त्याहून जाड असेल तर 'कोटेड लेदर' म्हणायचं, असं आहे.

अंगठा दाबून सुरकुत्या बघायची चाचणीही आता पीयूवाले पास होतात. वास तर बाटलीत मिळतो. कुशनवाला आणि बाभूळसाल दोघंही मागची बाजू बघा म्हणतायत, तेच खरं.

होटगी_रोड

आमची हकिकत सांगतो, दुकानाचं नाव घेत नाही. २०२१ ला बॉन्डेडचा सोफा 'लेदर' म्हणून माथी मारला. सव्वा वर्षात बैठकीची साल निघाली. बिलावर 'लेदर फिनिश' लिहिलं होतं, आम्ही वाचलंच नव्हतं. 'फिनिश' या एका शब्दावर सगळं अडलं. दुकानदार म्हणाले, आम्ही फिनिश म्हटलंय, लेदर म्हटलंच नाही.

पण वॉट्सॲपवर त्यांच्याच माणसाने "सर १०० टक्के प्युअर लेदर" असं पाठवलेलं होतं. ते जपून ठेवलं होतं म्हणून बोलता आलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, शेवटी निम्म्या पैशांवर तडजोड झाली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची वेळ आली नाही, पण माहिती काढून ठेवली होती. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी लागत नाही. ताई, तुम्ही आत्तापासून फोटो तारखेसकट काढून ठेवा. दुकानदाराशी तोंडी बोलू नका, मेसेज करा.

निंबोणी

रसायनवाला, धन्यवाद. कूलरचं तोंड आजच फिरवलं. आईला कारण सांगितलं तर म्हणाली, सोफ्यासाठी माणसांनी उकाड्यात बसायचं का. तिचंही बरोबर आहे.

पुण्यातला_सोलापूरकर

डोक्याच्या चिकटपणाबद्दल कोणी बोललं नाही अजून. आम्ही दर दिवाळीत खोबरेल तेलाचा हात फिरवतो, लेदर चकचकीत राहतं. तसं करून बघायला हरकत नाही.

कुशनवाला

साहेब, हरकत आहे! तेलानेच तर ते झालंय. आण्णा डोक्याला तेल लावत असणार. तेल आणि घाम रोज त्या रंगाच्या थरात मुरतो, थर मऊ पडतो, चिकट होतो आणि बोटाला येतो. तुमच्या सोफ्याचं लेदर बिनरंगाचं, जुन्या पद्धतीचं असेल तर त्याने तेल पचवलं. रंगाच्या थरावर तेल म्हणजे वरणावर तेलाचा तवंग, आत जात नाही आणि धूळ मात्र धरतं.

साबण, सॅनिटायझर, बाळाचे वाइप्स, काहीही नको. मऊ सुती कापड कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा, लेदरसाठीचा सौम्य क्लीनर थोडासा घ्या आणि हलक्या हाताने पुसा. दोन-तीन वेळा करा, प्रत्येक वेळी कापडाची नवी बाजू. रंग उडालाच असेल तर तेवढा भाग पुन्हा रंगवून वरून सीलर देता येतो. आणि त्यानंतर तिथे काहीतरी टाकलंच पाहिजे.

पुण्यातला_सोलापूरकर

कुशनवाला, मान्य. ११ वर्षं चाललं म्हणून बरोबरच असेल असं धरून बसलो होतो. आमचा तपासतो.

अक्का_अशोकचौक

आमच्या घरी नाना डोक्याखाली कायम टॉवेल टाकायचे, आम्ही त्याला जुनाट खूळ म्हणायचो. इंग्रजांकडेही हेच होतं. केसांना मकासर तेल लावायचे, म्हणून खुर्चीच्या पाठीवर कापड टाकायचे आणि त्या कापडाचं नावच अँटिमकासर पडलं. आपल्याकडे कारण खोबरेल, कापड टेरी टॉवेल.

ज्वारीची_भाकर

मंडळी, रविवारी सोफा उलटा केला. अख्खी सकाळ गेली. क्रमाने सांगते.

बैठकीची चेन उघडली. मागची बाजू लव असलेली, तंतू हाताला लागतात, म्हणजे कातडं आहे. दोन कुशनवरची छिद्रं खरोखर वेगवेगळी आहेत, एकावर तर बरा झालेला लांब ओरखडा सापडला. तो दोष समजून मी आधी रागावले असते, आता बघून बरं वाटलं. फोम मोजला, २२ बाय २२ बाय ५, काट्यावर १ किलो २५० ग्रॅम. म्हणजे ३२ चा. फायबरची गादी मात्र एका बाजूला गोळा होऊन बसली होती. म्हणजे सुरकुत्यांबद्दल दुकानदार बऱ्यापैकी खरं बोलत होते, हेही सांगायला हवं.

बाजूचं कव्हर : आत पांढरं बनियनसारखं कापड. रेग्झीन. बिल सापडलं, त्यावर 'लेदर सोफा एल.एम.' असं आहे. एल.एम. म्हणजे काय हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

फोटो काढून, वजनाच्या काट्याच्या फोटोसकट, मेसेज केला. मालकांचा स्वतःचा फोन आला. एल.एम. म्हणजे लेदर मॅच हे त्यांनी कबूल केलं आणि विक्रेत्याने समजावून सांगायला हवं होतं असंही म्हणाले. खिडकीकडच्या हाताचं बाहेरचं कव्हर बदलून देणार आणि कुशनमध्ये नवीन फायबर भरणार, पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत, हे लेखी घेतलंय. किमतीत सूट द्यायला तयार नाहीत. त्यावर ह्यांचं आणि माझं अजून एकमत नाही. मला वाटतं, न सांगितल्याबद्दल काहीतरी परत मिळायला हवं.

होटगी_रोड

ताई, कव्हर बदलून मिळेपर्यंत "तक्रार मिटली" असं कुठेही लिहून देऊ नका. किमतीतल्या सवलतीचं नंतर बोलता येतं.

सातरस्ता

आणि पश्चिमेच्या उन्हाचं काय केलं? नवीन कव्हरही रेग्झीनचंच असणार ना?

ज्वारीची_भाकर

हो, तेच असणार. सोफा आतल्या भिंतीला सरकवलाय, खिडकीपासून आता चार फूट लांब आहे. खिडकीला जाड पडदा शिवायला टाकलाय.

डोक्याच्या जागेचा चिकटपणा तीन वेळा पुसल्यावर गेला, पण रंग हातभर जागेत फिका पडलाय. कुशनवाला दादा, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, रंगवायचं काय ते सांगा.

आण्णांना हे सगळं कसं सांगावं या विचारात होते, त्यांना वाटेल सून तेलावरून बोलतेय. पण सोफा उलटा केला तेव्हा ते शेजारी खुर्ची टाकून बसले होते. ३४ वर्षं त्यांनी यंत्रमागावर टॉवेल विणलेत. कातड्याची उलटी बाजू, रेग्झीनची उलटी बाजू, दोन्ही बोटांनी चोळून बघितल्या आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "हे माझ्या डोक्याच्या तेलानं झालंय." संध्याकाळी स्वतः चाटी गल्लीत जाऊन दोन टॉवेल घेऊन आले. गर्द तपकिरी, सोफ्याच्या रंगाचेच. दुकानात त्यांनी आठ टॉवेल उलटे करून बघितले म्हणे.

कुशनवाला

व्यनि बघितला ताई. गुरुवारी सकाळी येतो, रंगाचे नमुने घेऊन. तोवर त्या जागेवर काही लावू नका, कोरडी राहू द्या.